ओठांच्या चुका

"तुम्ही इथं, माझ्या पाठीमागं उभ्या राहा. बोलायचं नाही. पोरीला खुणा करायच्या नाहीत. कळलं?"

नदाफ मॅडमनी हे माझ्याकडं न बघताच सांगितलं. त्या दिवशी त्यांना एकतीस पोरं तपासायची होती आणि आमचा नंबर बाविसावा होता. वयानं माझ्यापेक्षा लहान बाई, डोळे सुजलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला वडा तसाच पडलेला.

मधे जाड दुहेरी काच. काचेपलीकडच्या खोलीत भिंतींना स्पंज लावलेला आणि एका मोठ्या खुर्चीत माझी पौर्णी. सात वर्षांची. पाय जमिनीला पोचत नव्हते. कानामागं मशीन आणि केसांत चिकटलेलं गोल बटण. जन्मानं ठार बहिरी पोर. तीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून तिच्या कानाच्या आत तार बसवली, तेव्हापासून आम्ही महिन्यातून दोनदा इचलकरंजीहून एस.टी.नं कोल्हापूरच्या या सेंटरला येत होतो.

"किती शब्द हायत, मॅडम?"

"वीस शांततेत, वीस गोंगाटात."

"गोंगाट कसला?"

"टेप आहे. शंभर माणसं एकदम बोलतायत असा."

"टेप कशाला? आमच्या घरी या की. भिंतीला लागून चोवीस माग हायत."

त्या हसल्या. पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "उभ्या राहा गप," म्हणाल्या.

 शाळेतल्या कुंभोजे बाईंनी मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं, "शालन, ही पोर वर्गात भिंतीसारखी बसते. मी घसा फाडते, हिला पत्ता नाही. सेंटरचा कागद आण. गर्दीतसुद्धा ऐकू येतं असं लिहून आण. नाहीतर दुसरीत काही मी हिला घेत नाही. मुक्याबहिऱ्यांच्या वसतिगृहात घाल, तिथंच बरी."

वसतिगृह म्हणजे दीडशे किलोमीटर. दिवाळीला एकदा, मे महिन्यात एकदा. बोलायला लागलेली पोर मुक्या पोरांत नेऊन टाकायची आणि परत मुकी करून आणायची. म्हणून मला तो कागद पाहिजे होता. बाकी काही माझ्या डोक्यात नव्हतं.

बाहेर बाकावर वसगड्याची चौगुले बाई भेटली होती. तिची तनुजा आमच्या पौर्णीच्याच वयाची. ती पदरानं वारा घेत म्हणाली, "माझी नापासच हुणार बघा. काल घरात टीव्ही लावून परीक्षा घेतलो मी. आंबा म्हटलं तर पांघरूण आणून दिली."

"मग काय केलात?"

"काय करायचं? पांघरलो आणि झोपलो."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई ओरडला. नापास झालं तर काय, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. मशीन काढून घेतात, असं एकीनं मागच्या खेपेला सांगितलं होतं. कवटीतली तार कशी काढून घेतील, एवढी साधी शंका आम्हाला आली नाही. आम्हाला आजवर दिलेलं सगळं परतच घेतलेलं होतं.

शांततेतले वीस शब्द सुरू झाले. नदाफ मॅडमनी तोंडापुढं रिंग धरली. भरतकामाची असते तसली, तिच्यावर काळं कापड ताणलेलं. ओठ दिसू नयेत म्हणून. तसली रिंग माझ्याकडंही होती. हेर्लेकर मॅडमनी, म्हणजे सेंटरच्या मुख्य बाईंनी, पहिल्याच दिवशी हातात दिली होती. "पोरीशी बोलताना ही तोंडापुढं. ओठ दाखवलेत की कान मेला म्हणून समजा. कानानंच ऐकायला शिकली पाहिजे."

मला ते जमत नव्हतं. का, ते सांगितलं पाहिजे.

यंत्रमागाच्या खात्यात कुणी ओरडत नाही. नवखा ओरडतो, दोन दिवसांत त्याचा घसा बसतो, मग तो शिकतो. सूत नेणारा धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाला आपटत असतो, चोवीस मागांवर चोवीस धोटे, तिथं माणसाचा आवाज काय कामाचा? आम्ही आवाज सोडतच नाही. ओठ मोठे करून नुसतं बोलतो. 'कांड्या संपल्या.' 'शेठ आला.' 'माग अडलाय, जॉबरला हाक मार.' चाळीस फुटांवरून कळतं. भांडणंसुद्धा तशीच होतात. मी माझ्या नणंदेला भर खात्यात ज्या शिव्या दिल्यात त्या आजतागायत कुणाच्या कानावर गेलेल्या नाहीत. मी बाराव्या वर्षापासून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरते. घरी आले तरी, जरा कुठं आवाज वाढला की माझा आवाज आपोआप बंद होतो आणि ओठ चालू होतात. मला कळतही नाही.

हेर्लेकर मॅडमना ते कळलं होतं. एकदा वरातीचा बँड बाहेरून जात असताना मी पौर्णीला म्हटलं, पाणी पी. मॅडम बघत होत्या. सगळ्या आयांसमोर म्हणाल्या, "बघा. आवाजच काढत नाहीत ह्या. तुम्हा मागवाल्या बायकांचं हेच. ही पोर उद्या मुकी राहिली तर दोष मशीनचा नाही. आईचा असेल."

चार वर्षं मी ते वाक्य घेऊन झोपत होते.

शांततेत पौर्णीनं वीसपैकी अठरा सांगितले. खणखणीत. काच मधे असूनही तिचा आवाज टेबलावरच्या डबीतून येत होता. नदाफ मॅडम म्हणाल्या, "छान." आणि बटण फिरवलं.

डबीतून एकदम बाजार ओतल्यासारखा आवाज आला. पौर्णीनं खांदे आक्रसले.

"भाकरी," नदाफ मॅडम रिंगेआडून म्हणाल्या.

पौर्णी गप्प.

"कावळा."

गप्प. ती खुर्चीच्या हाताला चिकटलेला कसलातरी डाग नखानं खरवडायला लागली. घरात पाहुणे जमले, सगळे एकदम बोलायला लागले की ती असंच काहीतरी खरवडत बसते. आम्हाला वाटायचं, लाजते.

"बैल."

तिनं मान वर केली. नदाफ मॅडमच्या डोक्यावरून तिला मी दिसत होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझे ओठ हलले. बैल.

"मैल," पौर्णी म्हणाली.

मी ठरवून केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे. पहिला शब्द आपोआप गेला. पुढचे सतरा मी ठरवून दिले. नदाफ मॅडम बोलायच्या, मी पाठीमागून ओठ मोठे करायची, पौर्णी बोलायची. मॅडम शब्द झाला की मान खाली घालून कागदावर खूण करत होत्या. त्यांना वाटत असेल पोर त्यांच्याकडंच बघतेय. पाच-सहा शब्द झाल्यावर पौर्णीला मजा यायला लागली. ती पाय हलवायला लागली. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

टेप बंद झाला. नदाफ मॅडमनी बेरीज केली. परत केली.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"पास न्हवं?"

त्यांनी पेन्सिल उचलली. कागदाकडं बघत राहिल्या. मग खुर्ची माझ्याकडं फिरवली.

"सकाळपासून एकवीस मुलं झाली. गोंगाटात कुणी सहाच्या वर गेलेलं नाही."

"आमची हुशार हाय."

"हुशार आहेच. पण हे बघा." त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. "बैलला मैल. पाटीला माती. पानला मान. बाळला माळ. चारही चुका अशाच. गोंगाटात मशीनवाल्या मुलाचं असं होत नाही हो. ते पानला कान म्हणेल, टाच म्हणेल, नाहीतर गप्प बसेल. प, ब, म, हे तिन्ही ओठ मिटून निघतात. बघणाऱ्याला सारखे दिसतात. ह्या कानाच्या चुका नाहीत, ओठांच्या आहेत."

मी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते.

"तुम्ही काही केलंत का?"

"न्हाई."

"मी रागावणार नाही. खरं सांगा. पोरीच्या फायद्याचं आहे."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. शेठ कामाचा तास वाढवताना म्हणतो, तुमच्याच फायद्याचं आहे. कुंभोजे बाई वसतिगृहाचं नाव काढताना म्हणाल्या होत्या, तिच्याच फायद्याचं आहे. असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात कधी फायदा देताना बघितलेला नव्हता. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"पोरीची शपथ, मॅडम. मी काय बी केलेलं न्हाई."

त्यांचा चेहरा पडला. "परत घेऊ या का एकदा? तुम्ही बाहेर थांबा, मी..."

"पोर दमलीया."

तेवढ्यात हेर्लेकर मॅडम दार ढकलून आत आल्या. "नदाफ, अजून नऊ राहिलीत, ट्रस्टची माणसं चहा पिऊन बसलीत. काय चाललंय?" त्यांनी कागद उचलला. "चौदा! गोंगाटात चौदा? कोण, लोले? पौर्णिमा लोले?" मग माझ्याकडं वळून त्यांनी चक्क माझा हात हातात घेतला. "बघा, शालनबाई! मी म्हणत होते ना, ओठ झाका, ओठ झाका. हे फळ आहे त्याचं."

"मॅडम, मला वाटतं एकदा परत..." नदाफ मॅडम म्हणाल्या.

"परत कशाला? चांगला निकाल आला की तुम्हाला संशय. पुढची पाठवा."

नदाफ मॅडमनी कागदावर सही केली. मी बघत होते. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिला होता, मग सही झाली.

संध्याकाळी चारला सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बसवलं. पुढं टेबलावर पांढरे खोके मांडलेले. देणगी देणाऱ्या ट्रस्टचे तीन पुरुष, गळ्यात हार. चौगुले बाई माझ्या शेजारी, रडून नाक लाल झालेली. तिच्या तनुजाला वीसपैकी तीन.

"तुमची?"

"चौदा."

"नशीब काढलीसा," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

हेर्लेकर मॅडम माइकवर उभ्या राहिल्या. त्यांनी आधी ट्रस्टचे आभार मानले, मग विज्ञानाचे. मग म्हणाल्या, "पालकहो, हे मशीन शांततेत उत्तम काम करतं. पण वर्गात? मशीनला बाईंचा आवाज कुठला आणि पंख्याचा कुठला, ते कळत नाही. ते सगळं एकाच बादलीत ओततं. म्हणून हे बारा माइक. बाईंनी गळ्यात अडकवायचा, की वर्गात कितीही गोंगाट असो, बाईंचा आवाज सरळ मुलाच्या कानात. शिवाय शाळेला सेंटरचं पत्र जाईल. ह्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा, ह्याला शाळेतून काढता येणार नाही."

बायका पुढं सरकून बसल्या.

"एकतीस मुलं आणि माइक बारा. म्हणून आज परीक्षा घेतली. ज्या बारा जणांना गोंगाटात सगळ्यांत कमी ऐकू आलं, त्यांना हे मिळतील. पहिलं नाव, तनुजा चौगुले."

चौगुले बाई उठलीच नाही. तिला कळलंच नाही. मग कळलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. "नापास झाली म्हणून वाचली गं माझी! नापास झाली म्हणून!" तिचे अश्रू माझ्या मानेवर सांडले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझा तोच हात तिला ढकलून द्यायला निघाला होता.

आधी का नाही सांगितलं? हा प्रश्न मी खूप नंतर नदाफ मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर सगळ्या आयांनी पोरांना गप्प बसायला शिकवलं असतं." बरोबर आहे. त्यांचा आमच्यावर विश्वास नाही, आमचा त्यांच्यावर नाही, आणि मधे पोर काचेच्या खोलीत.

बारा नावं झाली. मग मॅडम म्हणाल्या, "आणि आता एक कौतुक. हिला ह्यातल्या कशाचीच गरज नाही." पौर्णीला वर बोलावलं. एका हारवाल्यानं तिच्या हातात गुलाब दिला आणि फोटोसाठी तिची हनुवटी वर केली. मला पण बोलावलं. टाळ्या सुरू झाल्या.

दाराशी नदाफ मॅडम उभ्या होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या, एकटक. मला माहीत आहे, त्या वाट बघत होत्या. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी पुढं येऊन तमाशा केला असता. त्या तसल्या बाई होत्या.

पण मी शपथ घेतली होती. पोरीची. खोटी शपथ झाकून ठेवली तर टिकते, उघडी पडली की ज्याची घेतली त्याला खाते, असं माझ्या आईनं मला शिकवलं होतं. अडाणीपणा म्हणा. मी तेव्हा तीस वर्षांची बाई, सातवी पास, आणि मला स्टेजवर उभं राहून खरोखर वाटत होतं की मी आता बोलले तर ही पोर आठ दिवसांत मरेल. शिवाय कागद. 'गोंगाटात ऐकण्याची क्षमता: उत्तम.' लाल शिक्क्याचा, जसा पाहिजे होता अगदी तसा. तो मी पोटाशी धरला होता.

नदाफ मॅडम वळून निघून गेल्या.

एस.टी.त पौर्णी खिडकीशी बसली. गुलाबाच्या पाकळ्या एकेक करून बाहेर सोडत होती. शेवटची पाकळी सोडल्यावर माझ्या गालाला हात लावून तिनं माझं तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई पास," ती म्हणाली.

"आई न्हवं. पौर्णी पास झाली म्हण."

तिनं मान हलवली. "आई पास." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्यावरून फिरवते तसा. बोलायला उशिरा शिकलेली पोर, मी-तू-ती चुकते, म्हणून मी ते सोडून दिलं.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. नववीत शाळा सुटली. कपड्याच्या युनिटमध्ये शर्टांचे धागे कापते. चौगुलेंची तनुजा सांगलीत फार्मसी शिकते. दिवाळीला तिच्या आईचा फोन येतो. मागच्या महिन्यात कुणी एक मुलगी माहिती गोळा करायला घरी आली होती. तिनं विचारलं, लहानपणी हिला वर्गातला माइक का नाही मिळाला? मी म्हटलं, यादीत नाव नव्हतं. आमच्या मालकांना, म्हणजे पौर्णीच्या वडलांनाही मी हेच सांगितलेलं आहे.

पण मला रात्रंदिवस खातो तो सेंटरचा दिवस नाही. त्या दिवशी मला माहीत नव्हतं, एवढी तरी पळवाट आहे. मला खातो तो जुलैमधला एक मंगळवार.

कागद बघून शाळेनं पौर्णीला दुसरीत घेतलं. पत्र्याचा वर्ग, अठ्ठावन्न पोरं, खडखडणारा पंखा, आणि खिडकीपलीकडं सुताला खळ देणारा सायझिंगचा कारखाना. कुंभोजे बाईच वर्गावर. मंगळवारी दुपारी त्यांनी मला खात्यातून बोलावून घेतलं. मी सुताचा भुगा अंगावर तसाच घेऊन धावत गेले.

पौर्णी फळ्याशी उभी होती. वर्गात कालवा चाललेला. बाईंच्या हातात तोच कागद.

"शालन, हे तूच आणलंस ना? 'उत्तम' लिहिलंय. डॉक्टरांची सही आहे. आणि ही बघ. तीनदा सांगितलं वही काढ, तीनदा पाठ्यपुस्तक काढून बसली. पोरं हसतात. काल पाढा म्हण म्हटलं तर गाणं म्हणायला लागली. आजवर मी म्हणत होते, बिचारीला ऐकू येत नाही. आता कागदच सांगतोय की येतं. मग हा काय चावटपणा? माझी चेष्टा करते ही?"

"न्हाई, बाई. लहान हाय."

"लहान-मोठं सोड. मला एक सांग. आई आहेस, तुला माहीत असणार. ऐकू येतं ना हिला?"

नाही म्हटलं तर वसतिगृह. येतं म्हटलं तर पोर लबाड. पौर्णी माझ्याकडं बघत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडातून काय निघणार ते तिला दिसणार होतं.

"येतं, बाई," मी म्हटलं.

"मग झालं तर." बाई कपाटाकडं वळल्या. पट्टी वरच्या फळीवर होती. पौर्णीकडं पाठ करून, हात वर ताणून, त्या म्हणाल्या, "हात पुढं कर."

पौर्णी उभीच. बाईंच्या पाठीकडं बघत.

"हात पुढं कर म्हटलं ना!" बाई अजून कपाटातच शोधत होत्या. पंखा खडखडत होता. अठ्ठावन्न पोरं आता मजा बघायला सरसावली होती. "बघ, शालन, बघ. दगड आहे नुसता. आज वीस बसणार आहेत हिला."

पोरीनं एकदा ऐकलं तर दोन पट्ट्यांवर भागेल, असं मला वाटलं. खरंच, एवढंच वाटलं.

मी ओठ मोठे केले. आवाज न काढता म्हटलं, हात पुढं कर.

पौर्णीनं लगेच हात पुढं केला.

बाई पट्टी घेऊन वळल्या आणि त्यांना तो पसरलेला तळवा दिसला.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं."